कोंबड्यांचे छुपे शत्रू

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी भाषेच्या इतिहासात मोठ्या आदराने ओळखले जाते. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथेच होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ येथेच सिद्ध केला. शिकाऱ्यांच्या भीतीने आश्रयास आलेल्या सशाला श्रीचक्रधरांनी अभय दिल्याची लीळा त्या ग्रंथात आहे. मुक्या जिवांविषयीची करुणा या भूमीला अशी फार जुन्या काळापासून परिचित आहे. परंतु संकट शिकाऱ्याच्या रूपाने समोर उभे असते, तेव्हा त्या जिवाला कोणापासून वाचवावयाचे हे उघड दिसते. तेच संकट डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म रूपाने मातीत दडून बसले असेल, तर करुणेच्या जोडीला ज्ञानही लागते. परसातील कोंबडीची गोष्ट नेमकी अशीच आहे.

वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत शेतमजुरांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या घरी पाचदहा कोंबड्या हमखास आढळतात. त्यांच्या चाऱ्यासाठी वेगळा पैसा मोडावा लागत नाही. अंगणात सांडलेली ज्वारी, उकिरड्यातील किडे, वाळवी आणि कोवळे गवत यांवर त्या आपले पोट भरतात. गावरान कोंबडी वर्षाकाठी साठसत्तर अंडी देते. मध्येच ती खुडूक होते. मग घरातील बाई एखाद्या टोपलीत भुसा पसरून दहाबारा अंडी तिच्याखाली ठेवते आणि २१ दिवसांनी पिलांचा चिवचिवाट घरभर ऐकू येतो. आठवडी बाजारात अंडी किंवा एखादी तलंग विकून मीठमिरची येते, मुलांच्या वह्या येतात, प्रसंगी औषधपाण्याचा खर्चही भागतो. घरातील स्त्रीच्या हाती असलेली ही हक्काची पुंजीच होय. म्हणून कोंबड्यांच्या आजाराकडे क्षुल्लक गोष्ट म्हणून पाहता येत नाही.

पावसाळा निम्मा सरला, की पुष्कळ घरी एक दुःखद दृश्य दिसते. आषाढात जन्मलेली पिले श्रावण-भाद्रपदात एकाएकी मलूल होतात. त्यांचे पंख लोंबतात, पिसे विस्कटतात, तुरा फिकट पडतो. पिलू हातात घेतले तर छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे बोटांना लागते. ते दाणे टिपते, तरीही खंगत जाते. दहा पिलांपैकी चारपाचच उरतात आणि मोठ्या कोंबड्यांची अंडीही कमी होतात. घरातील माणसे म्हणतात, “दृष्ट लागली,” किंवा “हवा लागली.” कोणी लिंबू उतरून टाकतो, तर कोणी उरलेली पिले मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो. परंतु दोष हवेचाही नसतो आणि दृष्टीचाही नसतो. तो बहुधा परोपजीवी जंतूंचा असतो.

परोपजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढते ते सर्वांनी पाहिलेले असते. ते झाडाचा रस शोषून हिरवेगार राहते आणि फांदी मात्र वाळत जाते. प्राण्यांच्या शरीरातही अशी बांडगुळे असतात. काही आतड्यात राहतात, काही कातडीवर व पिसांत राहतात, तर काही खुराड्याच्या भिंतीत दडून केवळ रात्री भोजनास येतात.

आतड्यातील परोपजीवींमध्ये गोल जंत हा प्रमुख होय. कोंबडीच्या या जंताला शास्त्रज्ञ ‘ॲस्कॅरिडिया गॅली’ असे म्हणतात. १७८८ साली श्रांक या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन करून ठेवले. हा जंत पांढरट, दोऱ्यासारखा आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. त्याची लांबी साधारणतः ५ ते ११ सेंटिमीटर भरते. कोंबडीच्या लहान आतड्यात राहून तो तेथील पचलेले अन्न फस्त करतो. कोंबडीने दिवसभर वेचून आणलेल्या दाण्यांचा मोठा वाटा अशा रीतीने तिच्या अंगी लागतच नाही. जंतांची संख्या फार वाढली, तर त्यांच्या गुंत्याने आतडे तुंबते आणि कोंबडी दगावते. क्वचित असा एखादा जंत वाट चुकून अंड्याच्या मार्गात शिरतो आणि कवचाच्या आत अडकून अंड्याबरोबरच बाहेर येतो.

या जंताचे जीवनचक्र समजून घेतले, की उपायाची दिशा आपोआप सापडते. जंताची मादी कोंबडीच्या आतड्यात असंख्य अंडी घालते. ती अंडी विष्ठेबरोबर जमिनीवर पडतात. एक अंडे जेमतेम ०.०८ मिलिमीटर लांब असते; अशी बारा अंडी ओळीने ठेवली, तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरतो. ताज्या विष्ठेतील अंडे कोंबडीने गिळले, तरी तिला जंत होत नाहीत. अंड्याच्या आत अळी तयार व्हावी लागते. त्यासाठी ऊब, ओलावा आणि हवा लागते. या तिन्ही गोष्टी मिळाल्या, म्हणजे सुमारे १० ते २० दिवसांत ते अंडे रोग देण्यास समर्थ होते. मग एखादी कोंबडी माती उकरता उकरता ते टिपते. तिच्या पोटात अळी बाहेर पडते, काही दिवस आतड्याच्या अस्तरात शिरून राहते, पुन्हा आतड्याच्या पोकळीत येते आणि पाचआठ आठवड्यांत पूर्ण वाढून स्वतः अंडी घालू लागते. एक फेरा पूर्ण होतो आणि दुसरा सुरू होतो.

आता पावसाळ्यातच ही पीडा का वाढते, हे सहज ध्यानात येईल. वैशाखातील वऱ्हाडी ऊन अतिशय प्रखर असते. उघड्या, कोरड्या जमिनीवर पडलेली जंतांची पुष्कळ अंडी त्या उन्हात मरून जातात. परंतु मृगाच्या सरी कोसळल्या, की काळी माती पाणी धरून ठेवते. उकिरड्याच्या कडा, न्हाणीचे सांडपाणी मुरणारी जागा आणि खुराड्याभोवतीचा चिखल ही जंतांच्या अंड्यांची उबवणी केंद्रेच बनतात. नेमकी याच वेळी कोवळी पिले आईच्या मागून माती उकरण्यास शिकत असतात. मोठ्या कोंबडीचे शरीर जंतांचा प्रतिकार काही अंशी करू शकते. तीन महिन्यांच्या आतील पिलांच्या ठिकाणी ते सामर्थ्य नसते. म्हणूनच एकाच अंगणात आई फिरती राहते आणि पिले मात्र दगावतात.

दुसरा जंत म्हणजे पट्टकृमी. हा फितीसारखा चपटा असून लहान लहान खंडांचा बनलेला असतो. त्याचे सुटलेले खंड तांदळाच्या कणीसारखे विष्ठेत दिसतात. त्याची चाल गोल जंताहून निराळी आहे. तो एका कोंबडीतून दुसऱ्या कोंबडीत सरळ जात नाही; त्याला मधला आश्रयदाता लागतो. मुंग्या, शेणकिडे, घरमाश्या किंवा गोगलगाई त्याची अंडी खातात, त्यांच्या शरीरात त्याची बालावस्था वाढते आणि तो किडा कोंबडीने मटकावला, म्हणजे पट्टकृमी तिच्या पोटी पोहोचतो. उकिरडा घरापासून दूर ठेवणे आणि माश्यांचा उपद्रव कमी करणे हा कोंबडीच्या औषधोपचाराचाच एक भाग कसा ठरतो, ते यावरून कळते.

तिसरा शत्रू जंत नव्हे. तो एकाच पेशीचा सूक्ष्म जीव आहे. त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाला कॉक्सिडिओसिस असे म्हणतात. कोंबड्यांच्या या जंतूंचा सखोल अभ्यास टायझर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२९ साली प्रसिद्ध केला. ओल्या भुशात व दमट मातीत हे जंतू एकदोन दिवसांतच रोगकारक बनतात. ते पिलाच्या पोटात गेल्यावर चौथ्यापाचव्या दिवशी रक्तमिश्रित हगवण सुरू होते आणि पिले झपाट्याने मरू लागतात. येथे जंतांचे औषध मुळीच उपयोगी पडत नाही. त्यासाठी अँप्रोलियमसारखी किंवा सल्फा वर्गातील वेगळी औषधे द्यावी लागतात. रोगाचे खरे नाव कळल्यावाचून औषध देणे म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखे आहे.

शरीराबाहेरील शत्रूंमध्ये उवा आणि गोचिडी मुख्य होत. उवांचा सारा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो. त्या पिसे व कातडीचा कोंडा कुरतडतात. त्यामुळे कोंबडीला क्षणभर स्वस्थता लाभत नाही. ती राखेत किंवा भुसभुशीत मातीत लोळते, याचे कारण हेच आहे. धुळीचे हे स्नान तिला निसर्गाने शिकविलेला उपचार आहे. पावसाळ्यात कोरडी जागा नाहीशी होते, तेव्हा छपराखाली एखाद्या उथळ पाटीत कोरडी माती व चुलीची राख ठेवल्यास तिचे काम होते.

गोचिडीचा कावा अधिक भयंकर आहे. ती दिवसा कधीच दिसत नाही. भिंतीच्या भेगांत, लाकडाच्या सांध्यांत ती चपटी होऊन पडून असते. रात्री कोंबड्या झोपल्या, की बाहेर येऊन रक्त पिते आणि पहाटेपूर्वी पुन्हा आपल्या फटीत नाहीशी होते. अन्न न मिळता ती अनेक महिने जिवंत राहू शकते. त्यामुळे खुराडे काही काळ रिकामे ठेवले, एवढ्याने ती मरत नाही. रक्त पिता पिता ती कोंबडीच्या शरीरात एका प्राणघातक ज्वराचे जंतू सोडते. ही गोष्ट मार्शू आणि सालिंबेनी या शास्त्रज्ञांनी १९०३ साली ब्राझीलमध्ये सिद्ध करून दाखविली. सकाळी कोंबडीच्या अंगावर काही दिसत नाही, तरी तिचा तुरा पांढुरका पडत चालला असेल, तर कंदील घेऊन रात्री खुराडे तपासावे. दिवसा न सापडणारा चोर रात्री सापडतो.

आजार ओळखण्याचा एक सोपा आणि शास्त्रशुद्ध मार्ग पशुवैद्यकीय दवाखान्यात उपलब्ध असतो. कोंबडीची ताजी विष्ठा एखाद्या स्वच्छ डबीत घालून तेथे न्यावी. ती मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवली जाते. जंतांची अंडी या जड द्रावणाहून हलकी असल्याने वर तरंगतात. वरचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, म्हणजे पोटात कोणता जंत आहे ते कळते. मेलेली कोंबडी फेकून न देता वेळीच दवाखान्यात नेली, तर तिच्या तपासणीवरून उरलेल्या कोंबड्या वाचविता येतात. सर्वच मरतुकीचे कारण जंत असते असे नाही. कोंबडीची मान वळली, पाय लुळे पडले, घरोघरच्या कोंबड्या एकामागून एक मरू लागल्या, तर ती मानमोडी असण्याचा संभव अधिक. तिलाच राणीखेत असे म्हणतात. तो विषाणूचा रोग असून त्यावर औषध नाही. आधी टोचलेली लसच कामी येते. जंतांनी पोखरलेल्या कोंबडीच्या अंगी लस नीट लागू होत नाही. म्हणून आधी जंतनाशक औषध देऊन आठवडाभराने लस टोचण्याची रीत आहे.

जंतांवरील औषधांचा शोध माणूस पूर्वीपासून घेत आला आहे. वऱ्हाडातील माळरानांवर फुलणाऱ्या पळसाच्या बियांना आयुर्वेदात कृमिनाशक मानले आहे. पाश्चात्त्य देशांत एकेकाळी कोंबड्यांच्या खाद्यात तंबाखूची भुकटी मिसळीत असत. परंतु तंबाखू हे विष आहे आणि पळसबीचेही प्रमाण अंदाजाने ठरवणे धोक्याचे आहे. १९५० नंतरच्या दशकात पिपराझिन हे औषध प्रचारात आले. गोल जंतांवर ते उत्तम चालते, मात्र पट्टकृमीवर त्याचा परिणाम होत नाही. पुढे अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधे निघाली. यांपैकी कोणते औषध, किती आणि किती दिवस द्यावयाचे हे कोंबडीचे वजन, वय आणि जंताचा प्रकार पाहून पशुवैद्यच सांगू शकतो.

औषध देतानाही काही पथ्ये सांभाळावी लागतात. औषध पाण्यातून द्यावयाचे असल्यास ते सकाळी द्यावे. कारण रात्रभराच्या तहानेने कोंबड्या ते लवकर पितात. त्या वेळी दुसरे पाणी त्यांच्यासमोर असू नये. औषधानंतर एकदोन दिवस त्यांना खुराड्यातच ठेवावे आणि पडलेली विष्ठा गोळा करून खोल पुरावी किंवा जाळावी. नाहीतर पोटातून पडलेले जंत आपली अंडी अंगणभर पेरून जातील. पुष्कळ औषधे मोठे जंत मारतात. आतड्याच्या अस्तरात दडलेल्या अळ्या मात्र त्यांतून निसटतात. म्हणून पशुवैद्याने सांगितलेल्या दिवशी दुसरी मात्रा चुकवू नये. औषधाचा अंश काही दिवस अंड्यात उतरतो. तेवढे दिवस ती अंडी खाऊ नयेत आणि विकूही नयेत. शेजाऱ्याला औषधमिश्रित अंडे विकणे हा व्यवहार नव्हे, ती फसवणूक होय.

मात्र औषधाची सत्ता कोंबडीच्या पोटापुरतीच चालते. अंगणातील मातीत पडलेली अंडी तेथेच असतात. औषध घेतलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी त्याच चिखलात उकरू लागली, तर दीडदोन महिन्यांत तिचे पोट पुन्हा जंतांनी भरते. जंतांची ही अंडी मोठी चिवट असतात. साध्या जंतुनाशक द्रावणांनाही ती सहसा दाद देत नाहीत. ऊन आणि कोरडेपणा हेच त्यांचे खरे वैरी. यासाठी खुराडे उंचवट्यावर, पाणी निथळून जाईल अशा जागी असावे. त्याची विष्ठा रोज झाडून दूरच्या खड्ड्यात टाकावी. ओला झालेला भुसा तत्काळ बदलावा. दाणे चिखलात न फेकता पसरट भांड्यात द्यावेत आणि पाण्याचे भांडे विष्ठा पडणार नाही अशा उंचीवर ठेवावे. लहान पिले मोठ्या कोंबड्यांपासून शक्य तितकी वेगळी, कोरड्या जागी वाढवावीत. उन्हाळ्यात खुराड्यातील वरचा मातीचा थर खरवडून टाकून जमीन उन्हात तापू द्यावी. भिंतीच्या भेगा बुजवून चुना द्यावा, म्हणजे गोचिडीला आसरा उरत नाही. कोंबड्यांची बसण्याची दांडी भिंतीला टेकलेली नसावी. पावसाळ्याच्या तोंडी आणि पावसाळा संपल्यावर पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक औषध दिल्यास वर्षातील दोन्ही कठीण टप्पे पार पडतात. खाद्यात थोडा हिरवा पाला व डाळीचा चुरा असावा. पोटभर सकस अन्न मिळालेली कोंबडी जंतांचा प्रतिकार अधिक चांगला करते.

यांतील बहुतेक कामांना पैसा लागत नाही. झाडू, चुना, राख आणि ऊन प्रत्येक घरी असतेच. हवे असते ते नित्याचे लक्ष. सकाळी खुराडे उघडताना कोणती कोंबडी मागे राहिली, कोणत्या पिलाचे पंख लोंबले, विष्ठेचा रंग कसा आहे, एवढे पाहण्याचे काम शाळकरी मुलेही उत्तम करू शकतात. अधिक मार्गदर्शनासाठी गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. त्याच्या पाठीशी मोठी ज्ञानपरंपरा उभी आहे. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली आणि नागपूरचे १९५८ साली स्थापन झाले. वऱ्हाडात अकोला येथेही पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाची संस्था आहे. तेथील प्रयोगशाळांतून निघालेले ज्ञान खुराड्यापर्यंत पोहोचले, तरच त्याचे सार्थक होते.

कोंबडीचा गोल जंत माणसाला होत नाही. परंतु माणसाचा स्वतःचा गोल जंत अगदी याच वाटेने पोटात शिरतो. त्याचीही अंडी मातीत पडतात, तेथेच पिकतात आणि न धुतलेल्या हातांवरून व भाज्यांवरून तोंडात जातात. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळाशाळांतून मुलांना जी गोळी दिली जाते, ती अल्बेंडाझोलचीच असते. गोळी पोटातील जंत पाडते. पण जेवणापूर्वी हात धुणे, शौचालयाचा वापर करणे आणि पायांत चप्पल घालणे या सवयी नसतील, तर जंत पुन्हा परततात. कोंबडीला जो नियम, तोच माणसाला लागू आहे.

ज्या घराने हा नियम ओळखला, त्या घरी पावसाळ्यात पिलांना दृष्ट लागत नाही. तेथे मलूल पिलासाठी लिंबू उतरण्याऐवजी विष्ठेची डबी दवाखान्यात जाते आणि औषध दिलेल्या दिवशीच हातात झाडूही घेतला जातो. आपल्या आश्रयाला असलेल्या मुक्या जिवाचे रक्षण करण्याची खरी रीत हीच होय.